खराटा धरण्याची रीत

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही चौघी वस्तीतल्या विहाराचं अंगण झाडतो. नऊ वर्षं झाली असतील. काम कुणी नेमून दिलेलं नाही. अंगणात पिंपळ आहे, पानांना तोटा नाही, आणि चौघींनाही पहाटे झोप येत नाही, एवढंच कारण. मी निवृत्त परिचारिका. सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं काढली, म्हणून नागपुरातल्या आमच्या वस्तीत लहानथोर मला अजून 'सिस्टर'च म्हणतात. दुसरी बँकेतून निवृत्त झालेली. तिसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. चौथी मेस चालवते, अजूनही. रोज चाळीस डबे. नावं लिहीत नाही, कारण हे वाचल्यावरही त्यांनी मला अंगणात येऊ द्यायला हवं.

बँकवाली खराटा असा धरते की तो कुणा म्हाताऱ्या माणसाचा हात असावा. घाई नाही, धूळ नाही. तिच्या मागे मातीवर एकसारख्या रेघा उमटत जातात. मास्तरीण खराटा मुठीत आवळते आणि खर्र खर्र करत निघते. पानं एकीकडे, माती दुसरीकडे, आणि मधली जमीन सोलून काढलेली. मेसवालीच्या हातात खराटा सैल. तिने झाडलेल्या जागी चार-सहा पानं हमखास उरतात आणि ती गुणगुणत पुढे गेलेली असते.

हे मी वर्षानुवर्षं पाहत होते आणि मनात हसत होते. मग निवृत्तीनंतर पालीत एम.ए. करायला घेतलं (साठीत परीक्षेला बसण्याचं सुख वेगळंच, नापास झालं तरी घरी सांगायचं कुणाला?) आणि अभ्यासात 'विसुद्धिमग्ग' हाती आला. बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात लिहिलेला ध्यानमार्गाचा थोरला ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात मला आमचं अंगण सापडलं. भिक्खू कसा झाडतो यावरून त्याचं 'चरित' ओळखावं, असं तिथे सांगितलं आहे. रागचरिताचा माणूस झाडू नीट धरून, सावकाश, वाळू न विस्कटता झाडतो; निर्गुडीची फुलं पसरावीत तसा. द्वेषचरिताचा मूठ घट्ट आवळतो, दोन्ही अंगांना वाळू उडवतो, आवाज करतो. मोहचरिताचा सैल धरतो, आणि जागा धड स्वच्छही होत नाही, धड सारखीही होत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा भिक्खू आमच्या पिंपळामागे उभा होता की काय, असं वाटून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं.

झाडण्यापुरतं नाही. चालणं, जेवणं, अंथरूण घालणं, झोपेतून उठवल्यावर 'ओ' कशी देतो, सगळं बघितलं आहे. रागचरिताचा उठवल्यावर हळूच उठतो आणि बिचकत उत्तर देतो. द्वेषचरिताचा ताडकन उठतो आणि त्रासल्यासारखं बोलतो. मोहचरिताचा पालथा झोपलेला असतो. त्याला हलवलं की नुसतं 'हूं' म्हणतो आणि मग कधीतरी उठतो. रात्रपाळीत वॉर्डबॉयला उठवलेल्या कुठल्याही सिस्टरला हे पटेल.

माझ्याकडची प्रत म्हणजे धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेल्या, १९४० साली मुंबईत देवनागरीत छापलेल्या आवृत्तीची झेरॉक्स. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून सिलोनला गेला, तिथे पाली शिकला, आणि १९१० साली याच एका ग्रंथासाठी हार्वर्डला पोचला. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने संपादन अर्धवट टाकून जगाचा निरोप घेतला होता. ते पुरं करायला माणूस हवा होता. हार्वर्डची ती आवृत्ती छापून निघाली १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले. पालीची गोडी असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या गोष्टीसाठी तरी त्यांच्यापुढे एकदा हात जोडावेत. मी झेरॉक्सपुढे जोडते.

'चरित' म्हणजे इथे जीवनचरित्र नव्हे. माणसाचं मन सवयीने ज्या वाटेने चरतं, ती वाट. बुद्धघोष सहा वाटा सांगतो: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क.

आता हे सगळं माझ्या डोक्यातच राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी माझी भाची पुण्याहून आली. हिंजवडीच्या कंपनीत आहे. तिच्या हातातल्या चहाच्या मगवर चार इंग्रजी अक्षरं होती. कंपनीने सगळ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि ज्याला जी अक्षरं निघाली ती मगवर छापून दिली म्हणे. "मावशी, तू पक्की आय-एस-टी-जे," ती म्हणाली. मी म्हटलं, मला बीपी आहे एवढं पुरे.

पण मास्तरणीने ते मनावर घेतलं आणि शोधून काढलं. कार्ल युंगने १९२१ साली स्वभावप्रकारांवर जर्मनमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी तो वाचून पुढे सोळा प्रकारांची चाचणी बसवली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. लेकीने आणलेला जावई घरच्यांपेक्षा फारच वेगळ्या घडणीचा निघाला, तेव्हापासून आईला या विषयाचं वेड लागलं, असं सांगतात. हे ऐकून मेसवाली म्हणाली, "मंग त्यात काय? आमच्या सासूनंबी माही चाचणी घेतलीच होती ना. पयल्याच दिवशी, पुरणपोळीवर."

बँकवालीने मोबाईलवर ती चाचणी दोनदा दिली. रात्री वेगळी अक्षरं आली, सकाळी वेगळी. दोन्ही वेळचं वर्णन वाचून ती म्हणाली, "अगदी मीच गं!" यावर मास्तरणीने तिला बर्ट्रम फोररची गोष्ट ऐकवली. १९४८ साली अमेरिकेत या प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं खास वर्णन लिहून दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातला मजकूर भविष्याच्या बाजारू पुस्तकातून उचललेला होता. बँकवाली थोडी हिरमुसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, तुमच्या पालीत आहे का असं काही?"

म्हणून त्या वर्षावासात आमचा हा उद्योग सुरू झाला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. वाचन आटोपलं, मंडळी घरी गेली की आम्ही चौघी पायरीवर बसायचो आणि एकेकीचं चरित काढायचो.

पहिल्याच संध्याकाळी मला वडील आठवले. एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत उभे होते. माणसांचे प्रकार पाडायची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज बदलायचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कामं स्वभावातून उपजलेल्या गुणांप्रमाणे वाटून दिली आहेत, हे कुणी तरी त्यांना फार प्रेमाने समजावून सांगत होतं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचा स्वभाव काय, ते विचारायले कोण आलं होतं?" समोरच्याला उत्तर सुचलं नाही. मला आजही सुचत नाही. आमच्या घरात 'स्वभाव' हा शब्द भोळा नाही. तो कुणीतरी आधीच ठरवून, जन्माच्या दाखल्यासारखा हातात ठेवलेला शब्द आहे.

म्हणून मी बुद्धघोषाकडे परत गेले, ती जरा संशयानेच. आणि तिथे मला जे दिसलं त्यावर माझा हा सगळा लेख उभा आहे. चरित ओळखायचं कसं, हे सांगताना तो म्हणतो की दुसऱ्याचं मन वाचण्याची सिद्धी ज्या गुरूकडे आहे त्याने ते वाचावं. ज्याच्याकडे नाही, त्याने शिष्याला विचारावं. तू कोणत्या चरिताचा, हा एक प्रश्न. तुझ्या मनात बहुतकरून काय येत-जात असतं, हा दुसरा. काय आठवत बसलं की तुला बरं वाटतं, आणि कुठल्या ध्यानाकडे तुझं मन ओढ घेतं, हे आणखी दोन. विचारावं! माणसाला समोर बसवून, त्याचं त्याला विचारावं. मागे माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं ते हेच.

इतकंच नाही. झाडणं, जेवणं, चालणं या सगळ्या खुणा रंगवून सांगून झाल्यावर तो प्रामाणिकपणे लिहितो की या खुणा मूळ सुत्तांत किंवा अट्ठकथांत जशाच्या तशा आलेल्या नाहीत. आचार्यांच्या मताने चालत आल्या आहेत, तेव्हा त्यांवर सर्वस्वी भिस्त ठेवू नये. हे वाचताना मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. मारली, आणि विसरले. पुढे त्याचं फळ मिळालं, ते येईलच.

(हेही सांगायला हवं: ही चरितं येतात कुठून, या प्रश्नावर बुद्धघोष शेवटी पूर्वजन्मीच्या साठ्याकडे वळतो. मागच्या जन्माचं ओझं या जन्मीच्या माणसावर लादणं बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात साफ नाकारलं आहे. त्या जागी मी बाबासाहेबांच्या बाजूला बसते आणि पान उलटते.)

विचारण्याचं म्हणाल तर ते माझं आयुष्यभराचं काम. सकाळच्या राउंडला डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" पेशंट म्हणतो, "बरं आहे." तोच पेशंट रात्री दोन वाजता, सलाईन बदलताना, आपणहून सांगतो की छातीत तीन दिवसांपासून दुखतंय, पण मुलाची नोकरी नवी आहे, त्याला रजा मिळणार नाही. प्रश्न कोणता यापेक्षा तो कधी, आणि विचारणाऱ्याचे हात कशात गुंतलेले असताना विचारला, याला महत्त्व. "तुझा स्वभाव कसा आहे गं?" असं विचारलं की स्थळाच्या बायोडेटातली उत्तरं येतात. मनमिळाऊ. शांत. थोडी हळवी. म्हणून बुद्धघोषाचा पहिला प्रश्न मी बादच केला आणि बाकीचे विचारताना आम्ही पायरीवर बसून शेंगा सोलायचो.

बँकवालीला मी विचारलं, रिकामी असलीस की मनात काय येतं? ती म्हणाली, पहिला पगार. १९८२ सालचा. त्यातून तिने आईला लुगडं घेतलं होतं. मग रंग सांगितला, काठ सांगितला, इतवारीतल्या दुकानात नव्या कापडाचा वास कसा यायचा ते सांगितलं. पुढची पाऊण घटका लुगड्यातच गेली. मी म्हटलं, तू रागचरिताची. ती उसळली. "राग? मला? सदतीस वर्षं काउंटरवर बसले, एका कस्टमरवर आवाज चढवला नाही!" तेव्हा शब्दाचा गोंधळ लक्षात आला. पालीत राग म्हणजे रंगून जाणं, आसक्ती. 'अनुराग'मध्ये उरलाय तो. आपण मराठीत त्याच शब्दाने संतापाची लाली घेतली आणि प्रेमाची टाकून दिली. मराठी माणसाबद्दल हा शब्द काही सांगतो का, यावर मास्तरीण बोलायला लागली होती, पण आम्ही तिला आवरलं.

रागचरिताची म्हटल्यावर बँकवाली खट्टू झाली. तेव्हा मी तिला त्या परिच्छेदातली माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट सांगितली. बुद्धघोष सहा चरितांच्या तीन जोड्या लावतो. राग आणि श्रद्धा सख्ख्या बहिणी, कारण दोघींनाही सोडवत नाही. एकीला वस्तू सोडवत नाही, दुसरीला शील. द्वेष आणि बुद्धी या दुसऱ्या बहिणी, कारण दोघी चिकटत नाहीत, दोघी दोष बघतात; एक नसलेला दोष शोधते, दुसरी असलेला. आणि मोह व वितर्क ही तिसरी जोडी, दोन्ही अस्थिर. एकाला कळत नाही म्हणून डगमगतं, दुसऱ्याला फार फाटे फुटतात म्हणून. म्हणजे जिला लुगड्याचा काठ चाळीस वर्षांनी आठवतो, तीच दर उपोसथाला पांढरीशुभ्र साडी इस्त्री करून विहारात सगळ्यांच्या आधी येते. ते एकच मन आहे. हे ऐकून ती गप्प झाली, आणि शेंगा सोलायची तिची गती वाढली.

मास्तरणीने मला प्रश्नच विचारू दिला नाही. "मी द्वेषचरिताची, लिहून घे. विहाराच्या फलकावर 'आर्शीवाद' लिहिलंय, मला वंदनेत दुसरं काही दिसत नाही." आम्ही हसलो. पण काय आठवत बसतेस, हा प्रश्न दोन दिवसांनी मी पुन्हा काढला, तेव्हा तिने एक मुलगी सांगितली. चौथीच्या वर्गातली. पाढे येत नव्हते म्हणून हिने तिच्या थोबाडीत मारली. मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. आईबाप वीटभट्टीवर दुसऱ्या गावी गेले होते, मारण्याशी त्याचा संबंध असेलही, नसेलही. "पाढा कितीचा होता ते आठवत नाही," ती म्हणाली, "माझा हात आठवतो."

इथे माझं वर्गीकरण अडलं. नसलेला दोष शोधणारा तो द्वेष, असलेला शोधणारी ती बुद्धी. दोष तर होता. मग तीस वर्षं तो उगाळत बसणं हे काय? मी तिला काही ठरवून सांगितलं नाही. पुस्तकात द्वेषचरिताला मैत्री-करुणेची भावना सांगितली आहे, ती सुरू कर म्हटलं. मैत्रीभावना स्वतःपासून सुरू करायची असते. आधी आपलं स्वतःचं भलं चिंतायचं, मग आवडत्याचं, मग तटस्थाचं, शेवटी वैऱ्याचं. मास्तरीण पहिल्या पायरीवरच थांबली. तिने क्रम उलटा केला: फलक रंगवणाऱ्या पेंटरपासून सुरुवात केली. स्वतःपर्यंत अजून पोचायची आहे.

आता मेसवाली. तिचं मी विचारण्याआधीच ठरवून टाकलं होतं. सैल खराटा, उरलेली पानं. जेवताना ताटाभोवती भाताची शितं सांडलेली, आणि मोहचरिताच्या माणसाबद्दल बुद्धघोष हेच सांगतो, की तो लहानसा वेडावाकडा घास करतो, शितं सांडतो, तोंड बरबटतं, लक्ष भलतीकडे असतं. सगळं तंतोतंत. मी तिला म्हटलं, "तू आनापान कर. येणारा-जाणारा श्वास बघ. मोहचरिताला तेच औषध."

ती म्हणाली, "मले पानं नाही दिसत वो सिस्टर, श्वास कुठचा दिसन?"

आम्ही तिघी खदखदून हसलो. काय पण हजरजबाबी आहे बाई, म्हणालो. तिने आनापान केलंही, चार-सहा महिने, डोळे मिटून, निमूटपणे. मग एका संध्याकाळी डब्यांच्या भाजीत मिठाऐवजी साखर पडली आणि तिचा मुलगा तिला डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलेला.

तेहेतीस वर्षं मी पेशंटची हिस्टरी लिहून घेतली. मला दिसत नाही, असं पेशंटने स्वतःच्या तोंडाने, मराठीत, मला सांगितलं. आणि मी त्यात तिचा स्वभाव वाचला. पेन्सिलची ती रेघ मला तेव्हा आठवली.

माझ्यापुरतं समाधान म्हणून मी धम्मपदाच्या अट्ठकथेतली एक गोष्ट स्वतःला सांगत असते. एक तरुण सोनार भिक्खू झाला आणि सारिपुत्ताचा शिष्य झाला. सारिपुत्ताने विचार केला: तरुण आहे, म्हणजे राग प्रबळ असणार. त्याला अशुभभावना दिली, म्हणजे शरीराची घाण, सडणं यांचं ध्यान. पावसाळाभर पोराने प्रयत्न केला. मन तसूभर स्थिर होईना. सारिपुत्त त्याला घेऊन बुद्धाकडे गेला. बुद्धाने त्याच्यापुढे एक मोठं सोन्याचं कमळ ठेवलं आणि म्हटलं, विहाराच्या कडेला वाळूच्या ढिगात हे रोव, आणि लाल, लाल म्हणत बघत बस. सोन्यावर जन्म काढलेल्या त्या मनाला आपल्या ओळखीची वस्तू मिळाली. ते लगेच निवलं. मग कमळ त्याच्या डोळ्यांदेखत कोमेजत गेलं, आणि अनित्यता त्याला जशी कळायला हवी होती तशी कळली. सारिपुत्त म्हणजे प्रज्ञेत बुद्धाच्या खालोखाल. तोही चुकला, कारण त्याने 'तरुण' पाहिला आणि 'सोनार' पाहिला नाही. विचारलं असतं तर पोराने एका वाक्यात सांगितलं असतं.

ऑपरेशननंतर हिरवी पट्टी उतरली, काळा चष्मा गेला, आणि मेसवाली मला भेटायला घरी आली. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "सिस्टर, तुमच्या ओट्यामागं किती मेणचट झालं आहे वो! याआधी तं नव्हतं." होतं. मग तिने माझंच चरित काढलं. तिला आठवत होतं, एका परित्राणपाठाच्या रात्री आम्ही विहारातच झोपलो होतो आणि पहाटे तिने मला उठवलं. "तुम्ही ताडकन उठून बसल्या आन् माह्या अंगावर आल्या, काय झालं, कोण गेलं म्हणून. पुस्तकात लिवलं आहे ना तसं. तुम्ही द्वेषाच्या." मी म्हटलं, अगं, तेहेतीस वर्षं रात्रपाळी केल्यावर कुणीही तसंच उठेल. ती म्हणाली, "मंग तो सोनार?"

यावर मी निरुत्तर झाले, आणि अजून आहे. तिची चूक नव्हती. माझा धंदा कुठे संपतो आणि स्वभाव कुठे सुरू होतो, हे मला दाखवता येत नाही.

मास्तरणीने मात्र खरा अवघड प्रश्न विचारला. ज्या धम्मात 'मी' नावाची टिकाऊ वस्तूच नाही, तिथे माझा प्रकार कसला? अत्ता नाही तर चरित कुणाचं? विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिलं असेल. मी तिला वॉर्डातलं उत्तर दिलं. पेशंटच्या खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. ताप, नाडी, श्वास. दर चार तासांनी आकडा बदलतो. वाईट सिस्टर म्हणते, 'सात नंबरचा मलेरिया'. चांगली सिस्टर म्हणते, सात नंबरच्या आजोबांना आज ताप चढलाय. तक्ता खाटेला टांगायचा, कपाळाला नाही. बुद्धघोष चरित विचारतो ते औषध ठरवायला. त्याच्याकडे चाळीस कम्मट्ठानं आहेत, चाळीस औषधं म्हणा. कुणाला कुठलं द्यायचं एवढाच प्रश्न. अगदी खोलीसुद्धा तो चरित बघून देतो. रागचरिताला पडकी, वटवाघळांनी घाण केलेली; द्वेषचरिताला रंगवलेली, सावलीची, टापटीप; मोहचरिताला चारही दिशा मोकळ्या दिसतील अशी. जे आहे ते वाढवायला नाही, उतरवायला. मगवर छापून रोज त्यातून चहा प्यायला तर मुळीच नाही. आणि पुढे अठराव्या परिच्छेदापर्यंत पोचलात की तोच बुद्धघोष त्या अख्ख्या माणसाचं नाम आणि रूप वेगळं करून दाखवतो, आणि 'मी अमुक चरिताची' म्हणणारी बाई कुठे उरत नाही. तिसऱ्या परिच्छेदात बांधलेली परांची तो अठराव्यात सोडतो. इमारतीचं काम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

मास्तरीण म्हणाली, "उपमा दोन झाल्या. एक काढ." काढत नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे टीम बनवताना उपयोग होतो गं. होत असेल. मी तिला एकच विचारलं: तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीची अक्षरं तुला पाठ आहेत, ती संध्याकाळी घरी गेल्यावर काय आठवत बसते, ते माहीत आहे? ती जरा थांबून म्हणाली, विचारते.

मेसवाली आता आमच्यात सगळ्यांत स्वच्छ झाडते. खराटा अजून सैलच धरते. तिचा उजवा खांदाही धरलेला आहे, हे मी परवा विचारून घेतलं. बँकवालीच्या रेघा तशाच. फलकावरचा 'आर्शीवाद' पेंटरने दुरुस्त केला, आणि त्या दिवसापासून मास्तरणीला वंदनेत काय करावं सुचत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या ताटाभोवती शितं सांडत असतील, तर तिचा स्वभाव काढण्याआधी तिला डोळ्यांच्या ओपीडीत घेऊन जा. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. सकाळी लवकर जा, आणि रांगेत उभं असताना तिला विचारा, काय आठवलं की बरं वाटतं.